कडा सोडून कापणी: ख्रिस्ती दातृत्वाची सुरुवात करताना

रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली आपल्या रांगेत येते आणि हात घाईघाईने खिशात जातो. बोटांना लागेल ती नोट बाहेर येते. मोठी निघाली तर क्षणभर जीव चुटपुटतो, लहान निघाली तर शेजाऱ्याला दिसू नये म्हणून ती मुठीत दडते. उपासनेनंतर अर्पण मोजायला मी बरीच वर्षं बसते आहे. थैली टेबलावर उलटी केली की बहुतेक नोटा अशाच निघतात, चार घड्या पडलेल्या, घामेजलेल्या, कोंबलेल्या. अधूनमधून एखादी सपाट, नीट नोट सापडते. आदल्या रात्रीच कुणीतरी ती बाजूला काढून ठेवलेली असावी.

विश्वासात नव्याने आलेले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नुकतेच रुळू लागलेले किंवा पहिल्यांदाच कमवायला लागलेले लोक मला विचारतात, "द्यायचं कसं, किती, कुणाला?" त्यांना सांगते ते इथे लिहिते आहे. थैली समोर आल्यावर हे प्रश्न सुटत नाहीत. ते घरी, शांतपणे सोडवून ठेवावे लागतात.

आधी मालक कोण ते ठरवा

मंदिर बांधण्यासाठी दावीद राजाने आणि लोकांनी सोनं-चांदी दिली, तेव्हा त्याने केलेली प्रार्थना बायबलमध्ये १ इतिहास या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे. एवढं सगळं दिल्यावर त्याला स्वतःचं कौतुक वाटायला हवं होतं. उलट तो विचारतो, असं द्यायला मी कोण आणि माझे लोक कोण? सगळं तुझ्याकडूनच येतं, तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं. शास्त्रात अशा माणसासाठी 'कारभारी' हा शब्द येतो. कारभाऱ्याकडे तिजोरीच्या किल्ल्या असतात, तिजोरी त्याची नसते.

हे नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून एक काम करा. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्याजवळ काय काय आहे ते लिहा, आणि फक्त पैसे लिहून थांबू नका. हातातलं कौशल्य, मोकळी संध्याकाळ, घरातली रिकामी खोली, वाहन, गाता गळा, हिशेबाचं डोकं, रडणाऱ्या माणसाजवळ काहीही न बोलता बसता येणं, हे सगळं लिहा. उजवीकडे प्रत्येक गोष्ट कुठून आली ते लिहा. 'मी मिळवलं' असं लिहायला जाल तेव्हा ज्याने शिकवलं, ज्याने पहिली संधी दिली, ज्याने आजारपणात सांभाळलं ते आठवतील आणि पेन अडखळेल. "जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?" हा प्रेषित पौलाचा प्रश्न करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात आहे. कागद टाकून देऊ नका, पुढे लागणार आहे.

कडा आणि सरवा

दातृत्व म्हटलं की लोक दशमांशापासून, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागापासून, सुरुवात करतात. मी लेवीय १९ पासून करते. तिथे शेतकऱ्याला आज्ञा आहे: पीक कापताना शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको, द्राक्षमळाही पुरता झाडून घेऊ नको. अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आणखी पुढचं आहे. शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला परत जाऊ नको. जैतुनाचं झाड एकदा झोडपलंस की दुसऱ्यांदा झोडपू नको. जे राहील ते परक्याचं, अनाथाचं, विधवेचं.

हा नियम जितक्यांदा वाचते तितका तो शहाणा वाटतो. कडा सोडायचं विळा चालवण्याआधीच ठरलेलं असतं. धान्य कोठारात भरून झाल्यावर "बघू, काही उरलं का" असं त्यात नाही. शिवाय सोडलेलं पीक हलक्या प्रतीचं नसतं. मालकाच्या घरी जातं तेच कडेला उभं असतं. आणि गरजू माणसाला मालकाच्या दारात हात पसरून उभं राहावं लागत नाही. तो स्वतः येतो, स्वतः कापतो, स्वतः वेचतो आणि आपल्या कष्टाचं म्हणून घरी नेतो. मालकाचे आभार मानायचंही त्याच्यावर बंधन नाही, कारण कडा त्याच्याच आहेत, तसं देवाने सांगून ठेवलं आहे.

रूथच्या पुस्तकात हा नियम चालताना दिसतो. परदेशातून आलेली विधवा रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज नियमाच्या पुढे जातो. आपल्या गड्यांना तो सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही ताटं ओढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी तिने वेचलेलं झोडलं तर सुमारे एक एफा (धान्याचं त्या काळचं मोठं माप) सातू निघाला. सासूला कळतं की हे नुसत्या सरव्याचं माप नाही. ती विचारते, आज कुठे वेचलंस? बवाजने मात्र रूथसमोर त्याचा गाजावाजा केलेला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडे शेत नसलं तरी कड असू शकते. महिन्याचं अंदाजपत्रक मांडताना शेवटच्या नाण्यापर्यंत खर्च लावून टाकू नका. एक रक्कम बिननावाची ठेवा, अचानक समोर येणाऱ्या गरजेसाठी. वेळेचंही तसंच. ज्यांचा आठवडा सोमवार ते रविवार बांधापर्यंत कापलेला असतो, ती माणसं वाईट नसतात. पण कुणाचा रडवेला फोन आला की त्यांच्याकडे एकच उत्तर असतं, "आज नाही जमणार." आठवड्यातली एक संध्याकाळ कडेची म्हणून मोकळी सोडा. सुरुवातीला ती वाया गेल्यासारखी वाटेल. तशी जाऊ द्या.

किती द्यायचं

आता दशमांश. अब्राहामाने मलकीसदेक नावाच्या याजक-राजाला दहावा भाग दिला, याकोबाने तसा नवस केला. पुढे नियमशास्त्रात दशमांश लेव्यांसाठी, म्हणजे उपासनेच्या सेवेला नेमलेल्या वंशासाठी, ठरला, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर मिळावं असंही सांगितलं आहे. नव्या करारात येशू पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशमांश काटेकोर देणाऱ्यांना झापतो, कारण न्याय, दया आणि विश्वास यांकडे त्यांनी पाठ फिरवली होती. दशमांश सोडा असं तो म्हणत नाही. पौल नव्या मंडळ्यांना टक्केवारी घालून देत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, एवढंच तो २ करिंथ ९ मध्ये लिहितो.

म्हणून काही मंडळ्या दशमांश बंधनकारक मानतात, काही नाही. तुमची मंडळी काय शिकवते ते पाळकांना सरळ विचारा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. माझं मत विचाराल तर दशमांश हा पांगुळगाडा आहे. चालायला शिकताना त्याचा मोठा आधार होतो. कर्जात बुडालेल्या माणसाच्या गळ्यात मात्र तो अडकवू नये आणि सुखवस्तू माणसाने जन्मभर तोच धरून बसू नये. दहा टक्के झेपत नसतील तर दोन किंवा तीन टक्क्यांपासून सुरुवात करा, पण चुकवू नका, आणि दरवर्षी थोडं वाढवा. हिशेब एकूण कमाईवर करायचा की कर जाऊन हातात येतं त्यावर, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एक काहीतरी ठरवा आणि पुढे चला.

नव्याने कमावणाऱ्यांना मी मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीचा हिशेब सांगते. ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथॉडिस्टाची गोष्ट त्याने एका प्रवचनात सांगितली आहे, आणि तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच असं मानलं जातं. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० झाली, खर्च २८ च राहिला, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० मधले ६२ दिले, चौथ्या वर्षी १२० मधले ९२. प्रत्येकाला हे जमणार नाही. संसार वाढला की २८ वर कुणी थांबत नाही. पण पगार वाढला की खर्च आपोआप त्याच्या गळ्यात गळा घालून वाढतो, तिथे एकदा तरी थांबून "पुरे कधी म्हणायचं?" हे विचारता येतं.

मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांची, गोष्ट तुम्हाला लवकरच ऐकायला मिळेल. तिच्याकडे दोन होत्या, एक ठेवून घेता आली असती, तिने दोन्ही टाकल्या. मार्क १२ मध्ये ही गोष्ट वाचाल तेव्हा आधीचं वचनही वाचा. विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तिथे कडाडून बोलला आहे. गरीब बाईने स्वतःहून सगळं टाकणं वेगळं आणि ही गोष्ट सांगून तिच्याकडून शेवटचं नाणं काढून घेणं वेगळं.

मिळालं त्या दिवशी बाजूला काढा

यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांना त्याने पद्धत घालून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको.

तुम्हीही पैसे हातात येतील त्या दिवशी, पहिल्या खर्चाच्या आधी, ठरलेली रक्कम वेगळी करा. वेगळं खातं असू द्या किंवा साधं पाकीट. महिनाअखेरीला उरेल ते देऊ म्हणणाऱ्यांचं काहीही उरत नाही, मी स्वतः त्यांत चार वर्षं होते. एका वहीत तारीख, रक्कम आणि कशासाठी, एवढं लिहून ठेवा. वही दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही.

आधी देणं फेडा, मग दान द्या

नवखे लोक इथे हमखास गडबडतात. ज्याचं त्याला देणं हे दातृत्व नव्हे, ते देणंच असतं. तुमच्याकडे काम करणाऱ्याची मजुरी थकली असेल, भावाचे उसने घेतलेले पैसे परत करायचे असतील, तर ते आधी. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं याकोब ५ मध्ये लिहिलं आहे. कडेचं पीक गरिबाला सोडायचं आणि शेत कापणाऱ्यालाच उपाशी ठेवायचं, हे शास्त्राला मान्य नाही. जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि त्याच वाक्यात फसवून घेतलेलं चौपट परत करतो.

घरच्यांचंही तसंच. "तुम्हाला मिळालं असतं ते मी देवाला कुर्बान म्हणून अर्पण केलं" असं आईबापांना सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलं आहे. आई-वडिलांच्या औषधाचे पैसे थैलीत टाकून कुणी पुण्यवान होत नाही. आणि कुणाशी भांडण असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं मत्तय ५ सांगतं.

मग कुणाला

एक वाटा स्थानिक मंडळीला. जिथे आत्म्याचं पोषण होतं तिथला भार उचलायला हवा. बाकीचं कुठे जावं हे समजायला जुन्या मंडळीकडे बघा. सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्याने लिहून ठेवलं आहे की रविवारी ज्यांची ऐपत आणि इच्छा असते ते देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि मुक्कामाला आलेले परके यांना मदत होते. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला तर्तुलियन लिहितो, कुणावर सक्ती नाही, ज्याला हवं आणि जमतं तो महिन्यातून एकदा टाकतो. त्या पैशातून गरिबांचे दफनविधी होत, घराबाहेर पडू न शकणारी म्हातारी माणसं सांभाळली जात, जहाज फुटून उद्‌ध्वस्त झालेल्यांनाही हात दिला जाई.

ही यादी समोर ठेवून आपल्या मंडळीत बघा. कोण राहून जातंय? यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये त्यासाठी सात जण निवडले गेले. ज्यांना आपली भाषा नीट येत नाही, जे मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताआधीच निघून जातात, त्यांची नावं यादीत नसतात.

देताना हात कसा असावा

एकदा मी कपडे वाटायला नेले होते. आमच्या घरात कुणी घालत नव्हतं ते सगळं पिशवीत भरलं होतं. एका बाईने एक सदरा उचलला, उलटासुलटा केला, गळ्याखालच्या तुटलेल्या गुंडीच्या जागी बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. सदऱ्याची नीट घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली. त्या दिवसापासून मी एक नियम केला: जे मी स्वतः अंगावर घालणार नाही ते द्यायचं नाही. गुंडी लावायला दोन मिनिटं लागतात.

आधी विचारा, "काय हवंय?" उत्तर ऐकून घ्या, पटलं नाही तरी. देतानाचा फोटो काढू नका. घेणाऱ्याने साक्ष द्यावी, उपासनेला यावं अशी अट घालू नका, मनातल्या मनातही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये हे मत्तय ६ मधलं वचन घेणाऱ्याच्या बाजूने वाचून बघा. त्याची गरज चारचौघांत उघडी पडत नाही, हा त्यातला केवढा मोठा दिलासा आहे. उसने मागणाऱ्याला तेवढंच द्या जेवढं बुडालं तरी मैत्री बुडणार नाही.

आणि मर्यादा ठेवा. लूक १० मधला चांगला शोमरोनी नीट वाचा. लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूच्या जखमांवर तो तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणतो, रात्रभर काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपल्या वाटेने जातो. उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, देतो आणि सांगतो, जास्त लागलं तर परत येताना देईन. त्याने प्रवास सोडला नाही आणि जखमीला वाऱ्यावरही सोडलं नाही. ज्याचं ते कामच आहे त्याच्या हाती सोपवलं आणि परत येण्याचा शब्द दिला. नवे लोक उत्साहात एकाच कुटुंबाचं सगळं अंगावर घेतात, सहा महिन्यांत थकतात आणि मग फोन उचलायचं बंद करतात. त्यापेक्षा दोन दीनार आणि परतीचा शब्द बरा.

तो कागद पुन्हा काढा

डावीकडच्या रकान्यातल्या पैसे सोडून बाकीच्या ओळी वाचा. प्रत्येकाला जे कृपादान मिळालं आहे ते एकमेकांच्या सेवेत वापरा, असं १ पेत्र ४ सांगतं. त्यातली एक ओळ निवडा, एकच. हिशेब येत असेल तर कर्जाच्या कागदांत गोंधळलेल्या एखाद्याजवळ तासभर बसा. वाहन असेल तर ज्यांना पायी यायला जमत नाही त्यांना उपासनेला आणा. महिनाभर करा, मग दुसरी ओळ.

हिशेब मागायला लाजू नका

पौल स्वतः प्रेषित होता, तरी वर्गणी एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ पाठवले, कुणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून. हे २ करिंथ ८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे पावती मागणं, वर्षाचा हिशेब बघायला मागणं यात अविश्वास नाही. आम्ही अर्पण मोजतो तेही दोघांनी मिळून, दार उघडं ठेवून. हिशेबाचं नाव काढताच कुणी चिडलं तर तिथे देऊ नका.

"आज एवढं पेरा, देव दसपट परत देईल" असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. पेरणी-कापणीचं वचन आहे खरं, पण मासेदोनियाच्या ज्या मंडळ्यांचं पौल कौतुक करतो त्या कमालीच्या गरिबीतून देत होत्या, आणि त्या बदल्यात त्या श्रीमंत झाल्या असं तो कुठेही लिहीत नाही. दसपटीच्या आशेने टाकलेला पैसा ही गुंतवणूक झाली, आणि तीही वाईट.

घ्यायलाही शिका

ही पायरी मला सगळ्यांत जड गेली. आज तुमच्याकडे जास्त आहे ते त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांच्याकडचं तुमची, असं पौल २ करिंथ ८ मध्येच लिहितो आणि मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न, गोळा करणाऱ्यांची आठवण देतो. ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही. फक्त देत राहणाऱ्या माणसाला हे अर्धंच कळलेलं असतं.

मागे मी दोन आठवडे अंथरुणाला खिळून होते. मंडळीतली एक मुलगी आली. नवीनच होती, नावही मला धड माहीत नव्हतं. म्हणाली, "ताई, धुवायचे कपडे कुठेत?" मी म्हटलं, राहू दे गं. दुसऱ्यांदाही म्हटलं. तोवर बादली भरायला लागल्याचा आवाज आला होता.